उजेडाचा उतार

‘कागज के फूल’मधला (१९५९) प्रसिद्ध प्रकाशझोत व्ही. के. मूर्ती यांनी आरशांवरून ऊन परतवून साधला. झोताच्या गाभ्यातला पांढरा रंग करड्यात हळूहळू विरतो. प्रखर उजेडात निगेटिव्हची घनता सावकाश वाढू लागते. हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी १८९० मध्ये मांडलेल्या आलेखाचा तो ‘खांदा’. डिजिटल सेन्सर प्रकाश सरळ प्रमाणात मोजतो आणि भरला की थांबतो. पुढचा तपशील कायमचा जातो. म्हणून डिजिटल छायालेखक उजेड आधी जपतो, उतार नंतर घडवतो. माझ्या मते फिल्मचा मऊपणा ही जादू नव्हे, रसायनाने दिलेली सवलत आहे. एखाद्या भडक डिजिटल प्रतीत झोताची कड कापल्यासारखी दिसली, तर तो दोष मूर्तींच्या माथी मारू नये. समीक्षकाने आधी प्रत तपासावी.