रसक, खर्पर आणि कॅलामाइन : एका अभिज्ञानाची चिकित्सा

रसशास्त्रातील 'रसक' अर्थात खर्पर या द्रव्याचा विचार बहुधा 'खर्पर म्हणजे कॅलामाइन' या एका समीकरणातच आटोपला जातो. वाग्भटाच्या नावावर असलेल्या 'रसरत्नसमुच्चय' ग्रंथात आठ महारसांमध्ये रसकाची गणना आहे. पुण्याच्या आनंदाश्रमाने हा ग्रंथ १८९० मध्ये छापला. पुढे १९०२ मध्ये आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनाच्या इतिहासात रसकाची कॅलामाइनशी सांगड घातली. या अभिज्ञानाचा पाया भक्कम आहे. रसकापासून वंगासारखे 'सत्त्व' काढण्याची ग्रंथोक्त कृती जस्ताची वाफ खाली उतरवून थंड करण्याच्या पद्धतीशी जुळते आणि राजस्थानातील जावर येथील भट्ट्यांच्या अवशेषांनी तिला पुष्टी मिळाली आहे. मात्र दर्दुर (पदरयुक्त) व कारवेल्लक (पदरविरहित) असे दोन प्रकार ग्रंथच सांगतो. तेव्हा एका नावाखाली एकच खनिज होते असे गृहीत धरणे घाईचे ठरेल.

खरी अडचण शुद्धीच्या निकषापाशी आहे. कडू भोपळ्याच्या रसात शिजवून रसक पिवळा झाला की तो निर्दोष मानावा, असे ग्रंथ सांगतो. परंतु शुद्ध झिंक ऑक्साइड तापलेले असतानाच पिवळे दिसते. थंड झाल्यावर ते पांढरे होते. टिकून राहणारा पिवळेपणा लोहाचा किंवा खुद्द रसाचाही असू शकतो. जस्ताच्या खनिजांत शिसे व कॅडमियम अनेकदा सोबत असतात. त्यांच्याविषयी हा रंग काहीच सांगत नाही. प्रमेह व क्षय यांवर पोटात द्यावयाच्या औषधाबाबत ही उणीव किरकोळ नव्हे.

चिनी वैद्यकात हेच खनिज 'लू गान शी' या नावाने ओळखले जाते. भाजून, पाण्यात घोटून त्याची बारीक पूड करतात आणि ती डोळ्यांचे विकार, स्रवणाऱ्या जखमा व खाज यांवर बाहेरूनच वापरतात. दोन्ही परंपरांना नेत्ररोग समान आहेत, हे तुलनेत सहसा निसटते. वसंतमालतीत खर्पराऐवजी जसदभस्म घेण्याची रूढी रासायनिक दृष्ट्या समर्थनीय आहे, कारण जस्ताचे कार्बोनेट भाजल्यावरही ऑक्साइडच उरते. पण म्हणून खर्पराचे सारे ग्रंथोक्त गुण जसदाच्या नावे लिहून टाकणे समर्थनीय ठरत नाही.

कर्जतनजीकच्या, उल्हासकाठच्या दहिवलीचा विचार केल्यास प्रश्न अधिक स्पष्ट होतो. हा सारा बेसाल्टचा प्रदेश. येथे जस्ताचे खनिज मिळत नाही. वैद्याला बाजारातून येणाऱ्या खड्यावर विसंबणे भाग, आणि त्याच्या हाती कसोटी उरते ती केवळ रंगाची. घामोळ्यांवर लावल्या जाणाऱ्या कॅलामाइन लोशनचे तरी नावच तेवढे खनिजाचे उरले आहे. औषधसंहितेतील कॅलामाइन म्हणजे झिंक ऑक्साइड असून, त्याचा गुलाबी रंग त्यात मिसळलेल्या अल्पशा आयर्न ऑक्साइडमुळे येतो.