चक्रव्यूहांतील उंदीर आणि पाठ्यपुस्तकें

प्राणिवर्तन शिकविणारीं जीं पाठ्यपुस्तकें आमच्या पाहण्यांत आलीं, त्यांतील बहुतेकांत एक प्रकरण आनुवंशिकतेचें आणि दुसरें परिस्थितीचें असतें; भांडणाऱ्या भावांच्या चुली वेगळ्या मांडाव्या, तशी ही व्यवस्था. अखेरीस 'दोहोंचाही परिणाम होतो' हें वाक्य येतें. विद्यार्थी तें उत्तरपत्रिकेंत उतरवितो आणि गुण मिळवितो. हें वाक्य खोटें नाहीं. तें पोकळ आहे, एवढाच आमचा आक्षेप.

ट्रायनचे उंदीर प्रसिद्धच आहेत. चक्रव्यूहांत कमी चुकणाऱ्यांच्या आपसांत व अधिक चुकणाऱ्यांच्या आपसांत पिढ्यान्‌पिढ्या जोड्या लावून त्यानें 'चतुर' व 'मंद' असे दोन वंश निराळे केले. पुस्तकें येथेंच थांबलीं, तर बुद्धि रक्तांतून येते असा ग्रह व्हावयाचाच. वस्तुतः मंद वंश सर्वच कसोट्यांत मंद नाहीं, आणि अन्नाची ओढ व भीति यांतही दोहोंत अंतर आहे, हें सर्लनें १९४९ मध्येंच दाखविलें होतें.

पुढें १९५८ मध्यें कूपर व झुबेक यांनीं अशाच रीतीनें निवडलेल्या दोन वंशांचीं पिलें निरनिराळ्या पिंजऱ्यांत वाढविलीं. नेहमींच्या पिंजऱ्यांतील चतुरांच्या चुका सरासरी ११७, मंदांच्या १६४. ओक्याबोक्या पिंजऱ्यांत दोघांच्याही सुमारें १७०. खेळण्यांनीं भरलेल्या पिंजऱ्यांत १११ आणि १२०. आतां यांत वंशाचा वांटा किती? 'कोणत्या पिंजऱ्यांत?' असा प्रतिप्रश्न ज्यास सुचला, त्यास विषय समजला. हे आंकडे व्याख्यानापूर्वीच फळ्यावर मांडावे आणि रेषा विद्यार्थ्यांकडून काढवाव्या, असें आमचें मत आहे.

'जन्मजात' हा शब्दही असाच फसवा. अभिमन्यूनें चक्रव्यूहाचा भेद गर्भांत ऐकला, अशी कथा आहे. ती विद्या जन्मजात खरी, पण आनुवंशिक खास नव्हे. गर्भ हीही परिस्थितीच.

रोझेन्थाल व फोड यांच्या १९६३ च्या प्रयोगाचा उल्लेख पुस्तकांत असलाच, तर संशोधनपद्धतीच्या प्रकरणांत असतो. त्यांनीं विद्यार्थ्यांना सामान्यच उंदीर वांटले, मात्र कांहींना ते चतुर वंशाचे व कांहींना मंद वंशाचे म्हणून सांगितलें. आणि 'चतुर' उंदरांचींच नोंदलेलीं फळें सरस ठरलीं. या प्रयोगाची खरी जागा आमच्या मतें येथें आहे. कारण उंदीर हाताळणारा विद्यार्थी त्या उंदराच्या परिस्थितींतच मोडतो.