कलम ३०२ आणि गैरहजर सहआरोपी : बालहत्येच्या वर्गीकरणाविषयी दोन मराठी साक्षी

प्रस्तावना

गुन्ह्यांचे वर्गीकरण हा दंडविधीचा केवळ तांत्रिक भाग आहे, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः एखादे कृत्य कोणत्या कलमाखाली नोंदले जाते यावरच पुढचे सारे अवलंबून असते. आरोपी कोणत्या न्यायालयापुढे उभा राहील, त्याला जामीन मिळेल की नाही आणि त्याला दोन वर्षे कैद होईल की फाशी, हे त्या वर्गवारीने ठरते. म्हणूनच या वर्गवारीमागे मनुष्यस्वभावाविषयीची आणि समाजाविषयीची कोणती गृहीतके आहेत, याचा विचार विधीच्या अभ्यासकाइतकाच साहित्याच्या अभ्यासकानेही करावयास हवा.

प्रस्तुत लेखात बालहत्या या एका गुन्ह्यापुरता हा विचार करावयाचा आहे. त्यासाठी दोन मराठी ग्रंथ आधाराला घेतले आहेत. एक, ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा १८८२ साली पुण्यात छापला गेलेला निबंध. आणि दुसरा, विजय तेंडुलकर यांचे १९६७ साली रंगभूमीवर आलेले ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक. पहिल्याची चर्चा बहुधा स्त्रीवादी विचाराच्या अंगाने आणि दुसऱ्याची नाट्यसमीक्षेच्या अंगाने होते. दंडसंहितेच्या वर्गीकरणावरील टीका म्हणून हे दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवले, तर ते एकच आक्षेप नोंदवितात, असे दिसून येते.

संहितेची प्रतवारी

भारतीय दंड संहितेचा मसुदा मेकॉले यांच्या आयोगाने १८३७ मध्ये तयार केला, ती १८६० मध्ये संमत झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. मनुष्यवधाची प्रतवारी तिने मारणाऱ्याच्या मनावरून केली. कलम २९९ मध्ये सदोष मनुष्यवध आणि कलम ३०० मध्ये खून, अशी व्याख्या करून उद्देश आणि जाणीव यांच्या तीव्रतेनुसार तिने पायऱ्या पाडल्या. अर्भकाच्या बाबतीत तर ही रेषा अत्यंत बारकाईने आखलेली आहे. गर्भाशयात असलेल्या मुलाचा मृत्यू घडविणे म्हणजे मनुष्यवध नव्हे. मात्र त्या मुलाचा कोणताही भाग बाहेर आलेला असेल, तर त्याने श्वास घेतला नसला तरीही तो सदोष मनुष्यवध होऊ शकतो, असे कलम २९९ चे तिसरे स्पष्टीकरण सांगते.

या रेषेच्या दोन बाजूंना निरनिराळे गुन्हे आहेत. गर्भपात घडविल्यास कलम ३१२ खाली तीन वर्षांपर्यंत आणि स्त्री स्पंदितगर्भा असल्यास सात वर्षांपर्यंत कैद. मूल जिवंत जन्मू नये किंवा जन्मल्यानंतर मरावे या उद्देशाने केलेल्या कृत्यास कलम ३१५ खाली दहा वर्षांपर्यंत. मूल उघड्यावर टाकल्यास कलम ३१७ खाली सात वर्षांपर्यंत. मृत अर्भकाची गुपचूप विल्हेवाट लावून जन्म लपविल्यास कलम ३१८ खाली दोन वर्षांपर्यंत. परंतु जिवंत जन्मलेल्या मुलास आईनेच मारले, तर कलम ३०२. त्याला फाशी किंवा जन्मठेप, म्हणजे त्या काळचे काळे पाणी, याखेरीज तिसरी शिक्षा नाही. एकाच रात्रीची एकच हकीकत पुराव्याच्या एखाद्या धाग्याने दोन वर्षांच्या कैदेकडून फासाकडे जाऊ शकते.

खुनाला या संहितेने पाच अपवाद दिले : गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ, संरक्षणाच्या हक्काची मर्यादा ओलांडणे, लोकसेवकाने अधिकाराची मर्यादा ओलांडणे, आकस्मिक भांडण आणि मृताची संमती. हे अपवाद नीट वाचले असता त्यांच्यामागची माणसे डोळ्यांसमोर येतात. चिडलेला पती, घराचे रक्षण करणारा मालक, सरकारी अंमलदार, हातघाईवर आलेले दोन इसम. भयापोटी केलेल्या कृत्यास कलम ९४ संरक्षण देते. पण ते भय तत्काळ मृत्यूचे असले पाहिजे, आणि खुनाला तर हे संरक्षण मुळीच नाही. केशवपन झालेल्या, घरादारातून हाकलले जाण्याच्या भीतीने पोट लपविणाऱ्या स्त्रीची मनःस्थिती या सूक्ष्म प्रतवारीत कोठेच बसत नाही.

पुण्यातील पहिली प्रतिक्रिया

संहिता अमलात येऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती, तोच या त्रुटीचा प्रत्यय पुण्यात आला. महात्मा फुले यांनी १८८४ मध्ये मलबारींच्या प्रस्तावांवर लिहिलेल्या टिपणात काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेची हकीकत दिली आहे. ती त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकास होती. फसविली जाऊन गरोदर राहिली, मूल झाले, ते तिने मारले, आणि तिला जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. १८६३ मध्ये फुले दांपत्याने आपल्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले, त्याचे हे कारण. ब्राह्मणवस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर त्याच्या छापील जाहिराती चिकटविल्या गेल्या.

समाजकार्य म्हणून या गृहाचा गौरव पुष्कळ झाला आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे. न्यायालयाने प्रश्न विचारला होता, ‘हिने मारले काय?’ गृहाने विचारले, ‘हिला मारावे का लागले?’ जेथे गुप्तपणे व सुरक्षितपणे बाळंत होता येते, तेथे ‘उद्देश’ निर्माणच होत नाही, हे या गृहाने कृतीने दाखवून दिले. १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा अस्तित्वात होताच. पण कायद्याने दिलेली वाट रूढीने बंद ठेवली होती. त्या बंद वाटेची जबाबदारी कोणत्या कलमाखाली नोंदवावयाची, याचे उत्तर संहितेजवळ नव्हते.

ताराबाईंचा आक्षेप

१८८१ मध्ये सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला याच गुन्ह्यासाठी फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. पुढे ती सौम्य करण्यात आली. या खटल्यावर वर्तमानपत्रांतून वादळ उठले. ‘पुणेवैभव’सारख्या सनातनी पत्राने स्त्रीजातीच्याच नीतिमत्तेवर लेखणी चालविली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा निबंध या वातावरणातून जन्मला आणि पुढील वर्षी पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापला गेला.

ताराबाई एकाही कलमाची चर्चा करीत नाहीत. त्यांचा रोख आरोपांच्या वाटपावर आहे. जे दोष स्त्रीचे म्हणून शास्त्रांत आणि पोथ्यांत सांगितले जातात, तेच पुरुषांत नाहीत काय, असा प्रश्न त्या एकेक दोष घेऊन विचारतात. पत्नी गेल्यावर पुरुषाने लगोलग दुसरी करावी आणि पती गेल्यावर स्त्रीने मात्र केस, दागिने, प्रतिष्ठा सारे गमवावे, या व्यवस्थेत जो विधवेला मोहात पाडतो तो निर्दोष आणि ती मात्र पापिणी कशी, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा आहे. विधीच्या भाषेत सांगावयाचे, तर ताराबाई शिक्षेत सूट मागत नाहीत. त्या सहआरोपीचे नाव दाखल करण्याची मागणी करतात.

ही मागणी संहितेला पेलणारी नव्हती. अपप्रेरणेसाठी कलम १०७ प्रमाणे चिथावणी, कट किंवा सहाय्य लागते. स्त्रीला गरोदर अवस्थेत सोडून निघून गेलेला पुरुष यांतले काहीच करीत नाही. त्याचा सारा अपराध काही न करण्यात असतो आणि हे न करणे बेकायदेशीर ठरविणारी तरतूद येथे त्याला सहसा गाठत नाही. कलम ३१७ मध्ये बापाचा स्पष्ट उल्लेख आहे, हे खरे. पण तो मूल टाकणाऱ्या बापाचा. ज्याने मूल हाती घेतलेच नाही, त्याने ते टाकले असे कसे म्हणावे?

ताराबाईंच्या शैलीवर उग्रपणाचा आरोप होऊ शकतो. उदाहरणांची गर्दी, विषयांतर, उपरोधाचा अतिरेक हे दोष त्यांच्या लेखनात आहेतच. तथापि ज्याला फिर्याद नोंदविण्यासाठी दप्तरच उपलब्ध नाही, त्याचा स्वर चढणारच. जोतीरावांनी ‘सत्सार’मध्ये त्यांचा कैवार घेतला. पुढे हा निबंध जवळजवळ विस्मृतीत गेला आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला.

तेंडुलकरांचे अभिरूप न्यायालय

‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये हौशी नाटकमंडळी वेळ घालविण्यासाठी लीला बेणारे या शिक्षिकेवर खोटा खटला भरतात. आरोप भ्रूणहत्येचा आणि कलम ३०२ चे. विधीच्या दृष्टीने हा आरोपच चुकीचा आहे. गर्भाचा नाश हा मनुष्यवध नव्हे, हे आपण वर पाहिले; तो कलम ३१२ ते ३१६ चा विषय आहे. ही चूक लेखकाची मानण्याचे कारण नाही. काशीकर, सुखात्मे आदी मंडळींना कायद्याची प्रतवारी नकोच आहे. त्यांना सर्वांत मोठा, सर्वांना पाठ असलेला आकडा हवा आहे. ज्या स्त्रीचा न्याय आधीच झालेला आहे, तिच्यासाठी कलमांच्या पायऱ्या कोण मोजतो?

यातला खरा उपरोध शेवटी येतो. न्यायाधीश झालेले काशीकर बेणारेला जगू देतात, मात्र तिच्या पोटातील गर्भ नष्ट करण्याचा हुकूम देतात. १९६७ मध्ये वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झालेला नव्हता. तो १९७१ चा. स्त्रीच्या संमतीवाचून गर्भपात घडविणे हा कलम ३१३ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षेस पात्र गुन्हा होता. म्हणजे संपूर्ण नाटकात कायद्याने खरोखर गंभीर म्हणावे असे जे एकमेव कृत्य सुचविले जाते, ते न्यायासनावरून सुचविले जाते; आरोपी स्त्रीने तर कोणताच गुन्हा केलेला नाही. आणि ज्यांच्यापासून तिला दिवस गेले आहेत, ते प्रा. दामले नाटकभर रंगमंचावर येत नाहीत. ताराबाईंनी ज्याचे नाव दाखल करण्यास सांगितले होते, तो पंचाऐंशी वर्षांनंतरही गैरहजरच आहे.

येथे एक मर्यादा नमूद केली पाहिजे. तेंडुलकरांचे न्यायालय ही मध्यमवर्गीय ढोंगाची प्रतिमा आहे. तिच्यावरून प्रत्यक्ष न्यायव्यवस्थेविषयी सरसकट निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. विजयालक्ष्मीच्या बाबतीत खऱ्या व्यवस्थेने काशीकरांपेक्षा अधिक दया दाखविली. परंतु ती दया शिक्षा कमी करण्याच्या वेळी आली. गुन्ह्याचे नाव खून हेच राहिले.

समारोप

इंग्लंडने १९२२ आणि १९३८ च्या कायद्यांनी बालहत्येचा स्वतंत्र, खुनाहून सौम्य वर्ग निर्माण केला. भारताने तसे केले नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली; आकडे बदलले, ३०२ चे १०३ झाले, ३१२ ते ३१८ चे ८८ ते ९४ झाले, खुनाचे पाच अपवाद कलम १०१ मध्ये तसेच उतरले. नवजात मुलास मारणाऱ्या आईसाठी निराळी पायरी याही वेळी घातली गेली नाही.

तशी पायरी हवी काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. इंग्रजी कायदा सवलत देतो ती प्रसूतीमुळे मनाचा तोल गेला या आधारावर. त्यात स्त्रीची शिक्षा कमी होते, पण दोष पुन्हा तिच्याच शरीरमनात शोधला जातो. ताराबाईंना हे मान्य झाले असते असे वाटत नाही. त्यांच्या दृष्टीने विधवेचा तोल गेलेला नव्हता. तिच्या भोवतीच्या समाजाने तिला पूर्ण शुद्धीवर असताना त्या कृत्याकडे लोटले होते. तेव्हा वर्गीकरणात सुधारणा करावयाची, तर ती दोन अंगांनी करावी लागेल. ज्या परिस्थितीने कृत्य घडले ती परिस्थिती गुन्ह्याच्या व्याख्येत यावी आणि जबाबदारी टाळणारा पुरुष प्रकरणाच्या कागदांत यावा. १८६३ च्या पुण्यातील त्या गृहाने यांपैकी पहिल्या गोष्टीची गरज कृतीने सिद्ध केली आणि १८८२ च्या निबंधाने दुसरीची मागणी शब्दांत केली. दंडविधीच्या पुनर्रचनेची चर्चा मराठीत जेव्हा होईल, तेव्हा या दोन साक्षी वगळून ती करता येणार नाही.