न सापडलेली कबर

मृतांना मूठमाती देणे हे दयेच्या सात शारीरिक कृत्यांपैकी एक होय, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात बसलेल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. दरवर्षी २ नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्त्या लावताना या कृत्याच्या योग्यतेविषयी आपल्या मनाला शंका शिवत नाही. दावी कोपेनावा यांच्या ‘कोसळणारे आकाश’ या ग्रंथात मात्र हेच कृत्य दहा-अकरा वर्षांच्या एका मुलाला झालेली कायमची जखम म्हणून येते. मूळ फ्रेंच ग्रंथ २०१० साली पॅरिस येथे प्रसिद्ध झाला. २०१३ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने त्याचे इंग्रजी भाषांतर आणले. तेव्हापासून अ‍ॅमेझॉनच्या अरण्याची चर्चा निघाली की या ग्रंथाचे नाव आदराने घेतले जाते. हा आदर बराचसा सोयीचा आहे, असे माझे मत आहे. ‘पर्यावरणाचा संदेश देणारा आदिवासी’ अशी लेखकाची प्रतिमा एकदा करून घेतली, की त्याने आपल्यावर ठेवलेला आरोप ऐकण्याची गरज उरत नाही.

कोपेनावा हे यानोमामी जमातीचे. ब्राझील आणि व्हेनेझुएला यांच्या सीमेवरील अरण्यात ही जमात राहते. त्यांचा जन्म १९५६ च्या सुमारास तोतोतोबी नदीच्या वरच्या अंगाला झाला. १९६३ साली ‘न्यू ट्राइब्ज मिशन’ या प्रॉटेस्टंट संस्थेचे लोक तेथे येऊन राहिले. १९६७ साली मिशनच्या वस्तीतून गोवराची साथ पसरली आणि तीत मुलाची आई गेली. मुलगा स्वतःही आजारी होता. तो बरा होईपर्यंत मिशनऱ्यांनी तिला पुरून टाकले होते, आणि कोठे पुरले हे त्याला कधीच कळले नाही. यानोमामींमध्ये मृताचे दहन होते. अस्थी जपून ठेवल्या जातात, आप्त दूरदूरहून जमतात, त्या अस्थींच्या भस्माचा विधी होतो, मृताच्या वस्तू नष्ट केल्या जातात आणि त्याचे नाव पुन्हा उच्चारले जात नाही. त्यांच्या दृष्टीने प्रेत मातीत कुजू देणे म्हणजे माणसाला टाकून देणे होय. ज्यांनी तिला पुरले त्यांनी बहुधा प्रार्थनाही म्हटली असेल. मुलाला मात्र आईसाठी नीट रडताही आले नाही.

संपूर्ण ग्रंथात या प्रसंगाला फार थोडी जागा आहे, तरी ग्रंथाची किल्ली येथेच आहे, असे मला वाटते. पुढे सोन्याविषयी, धुराविषयी, आकाशाविषयी जे काही सांगितले आहे, त्यामागे न झालेल्या शोकाची हीच भाषा आहे.

ग्रंथ घडला तो निराळ्याच रीतीने. ब्रूस आल्बेर हे फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ १९७५ पासून यानोमामींमध्ये काम करीत होते. कोपेनावा यांनी १९८९ च्या अखेरीस सोन्याच्या शोधात घुसलेल्यांविषयीचे आपले म्हणणे त्यांच्याकरवी ध्वनिफितीवर नोंदवले. तेथून पुढे अनेक वर्षे यानोमामी भाषेत बोलणे होत राहिले आणि आल्बेर यांनी ते फ्रेंचमध्ये उतरवले. आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती ते आणखी एक भाषा ओलांडून, इंग्रजीतून येते. तेव्हा हा आवाज कोणाचा, असा प्रश्न निघणे स्वाभाविक आहे. आल्बेर यांनीही आपला वाटा लपवलेला नाही. काही ठिकाणी वाक्ये इतकी सुडौल आहेत की त्यांत फ्रेंच गद्याचे वळण जाणवते. पहिल्या भागातील ‘शापिरी’ या अरण्यसत्त्वांची वर्णने एकामागून एक येत राहतात आणि वाचक थकतो. जमातीतील स्त्रियांचा आवाज या सहाशेहून अधिक पानांत अगदीच क्षीण आहे, ही उणीव मला अधिक गंभीर वाटते. पुनरुक्तीचे तसे नाही. ज्यांच्या परंपरेत शब्द कागदावर नव्हे तर छातीत साठवायचा असतो, त्यांना तो पुनःपुन्हा सांगावाच लागतो. आपल्या आजीबाईंची रोझरी ऐकलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

मधल्या भागात ग्रंथ खरा पेट घेतो. ओमामा या आदिनिर्मात्याने धातू जमिनीखाली लपवून ठेवले, कारण ते वर येणे माणसाच्या हिताचे नव्हते. ते उकरून तापवले की धूर निघतो. तोच ‘शवारा’, म्हणजे साथीचा रोग. तो छातीत शिरतो, झाडांत शिरतो आणि शेवटी आकाशालाही पोखरतो. आकाश सावरून धरणारे शमन मरून गेले, की ते सर्वांवर कोसळेल, जंगलातल्यांवर आणि शहरातल्यांवरही. सुशिक्षित वाचक याला ‘सुंदर रूपक’ म्हणून मोकळा होतो. हे रूपक नव्हे. १९८७ ते १९९० या काळात सुमारे ४० हजार सोनेखोदू यानोमामी प्रदेशात घुसले. त्यांच्याबरोबर मलेरिया आला, नद्यांत पारा मिसळला. १९९३ साली हाशिमू येथे १६ यानोमामींची हत्या झाली आणि ब्राझीलच्या न्यायालयाने तिला वंशसंहार ठरवले. धातू उकरल्यावर मरण येते, हे त्या अरण्यात डोळ्यांनी पाहिलेले सत्य आहे. जमिनीखालचे बाहेर काढून जाळल्याने आकाश बिघडते, हे तर आज शास्त्रज्ञही आपल्या परिभाषेत सांगत आहेत. फरक इतकाच, की शास्त्रज्ञांच्या अहवालात मेलेल्यांची आई-मुलाची नाती नसतात.

१९९२ साली सुमारे ९६ हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश यानोमामींचा म्हणून अधिकृतपणे मान्य झाला. त्यानंतरही खोदणारे परत आले. जानेवारी २०२३ मध्ये ब्राझीलच्या सरकारला त्या प्रदेशात आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. कुपोषित मुलांची तेव्हाची छायाचित्रे अनेकांना आठवत असतील. ग्रंथ प्रसिद्ध होऊन तेव्हा तेरा वर्षे झाली होती.

हवामानाच्या न्यायाविषयी जी चर्चा जगात चालते, तिच्याशी या ग्रंथाचा सांधा येथे जुळतो, आणि येथेच तो तुटतोही. आदिवासींच्या हक्कांच्या बाजूने बहुधा आकडे पुढे केले जातात, आणि ते खरेही आहेत. ब्राझीलमध्ये १९९० ते २०२० या तीस वर्षांत खासगी मालकीच्या जमिनींवरील नैसर्गिक वनाच्छादन २० टक्क्यांहून अधिक नष्ट झाले, तर आदिवासींच्या प्रदेशात सुमारे १ टक्का. हा युक्तिवाद प्रभावी आहे, पण त्यात एक गोम आहे. यांनी जंगल राखले, आपल्या श्रीमंत जगाचा धूर शोषून घेतला, म्हणून यांना जमीन द्यावी! म्हणजे ते उपयोगी आहेत तोवर. उद्या एखाद्या यंत्राने तोच धूर स्वस्तात शोषला, तर काय? कोपेनावा यांच्या म्हणण्यात आपण उपयोगी असल्याचा दाखला कोठेही नाही. हे अरण्य त्यांच्या पूर्वजांनी जपलेले घर आहे, एवढेच ते सांगतात. शहरातील माणसांना ते ‘मालाची माणसे’ म्हणून ओळखतात. न्यू यॉर्कला गेल्यावर उंच इमारतींच्या पलीकडची भुकेली वस्ती त्यांच्या नजरेतून सुटली नाही. विकसनशील देशांतील विचारवंतांनी हवामान परिषदांत जे मुद्दे मोठ्या परिभाषेत मांडले, त्यांतील मर्म या दोन-चार पानांत आले आहे: ज्याने धूर केला तो एक आणि ज्याचे मूल मेले तो दुसरा.

आता आपल्याकडे वळू. गोवर आणणारे मिशनरी कॅथलिक नव्हते, असे म्हणून सुटण्याचा मोह आपल्याला होईल. त्या सुटकेला थोडा आधारही आहे. कोन्सोलाता संस्थेच्या धर्मगुरूंनी १९६५ साली कात्रिमानी येथे ठाणे उभारले. त्यांनी भाषा शिकली, आरोग्यसेवा दिली आणि दशकानुदशके कोणालाही स्नानसंस्कार देण्याची घाई केली नाही. त्याच संस्थेचे ब्रदर कार्लो झाकिनी हे १९७८ साली यानोमामी प्रदेशाच्या रक्षणासाठी स्थापन झालेल्या समितीचे आल्बेर आणि छायाचित्रकार क्लॉडिया आंदुझार यांच्यासह संस्थापक. परंतु ‘शोधलेली’ भूमी शोधणाऱ्याची, हा विचार ज्या १४५२, १४५५ आणि १४९३ च्या पोपच्या आज्ञापत्रांचा आधार घेऊन वाढला, ती आपल्याच घरातली होती. व्हॅटिकनने हा सिद्धान्त जाहीरपणे नाकारला तो ३० मार्च २०२३ रोजी.

पोप फ्रान्सिस यांचे ‘प्रिय अ‍ॅमेझॉन’ हे २ फेब्रुवारी २०२० चे उपदेशपत्र या ग्रंथाशेजारी ठेवून वाचावे. चार स्वप्नांत त्याची मांडणी आहे आणि अवतरणे आहेत ती कवींची. ख्रिस्तसभेच्या अधिकृत लेखनात इतके कवी क्वचितच भेटतात. परंतु त्यातील बहुतेक कवी अरण्याविषयी बोलतात. अरण्यातून बोलणारे आवाज मोजके आहेत. ‘लाउदातो सी’ या २०१५ च्या परिपत्रात आदिवासींना संवादातील प्रमुख भागीदार मानावे, असे सांगितले होते. संवाद म्हटला की दुसऱ्याची तक्रारही ऐकावी लागते, आणि उपदेशपत्रातील हळुवार स्वप्नांना त्या मुलाच्या रागाचा धक्का फारसा बसत नाही. तरी एक नोंद करायलाच हवी: १० एप्रिल २०२४ रोजी दावी कोपेनावा व्हॅटिकनमध्ये पोप फ्रान्सिस यांना भेटले. मिशनऱ्यांचा देव सोडून आलेला हा शमन त्या दारापर्यंत गेला, तो धर्मांतरासाठी नव्हे, आपल्या लोकांसाठी साहाय्य मागायला.

त्या देवाचे नाव ग्रंथात ‘तेओसी’ असे आहे. पोर्तुगीज ‘देउस’चे ते यानोमामी रूप. मिशनऱ्यांना त्या भाषेत देवासाठी एकही शब्द योग्य वाटला नाही, म्हणून त्यांनी बाहेरचा आणला, आणि शापिरींना मात्र सैतानाची पिलावळ ठरवले. मराठी ख्रिस्ती साहित्याची सुरुवात याच्या नेमकी उलट आहे. १६१६ साली राशोल येथे छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त फादर थॉमस स्टीफन्स यांनी स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले आणि ओवी स्वीकारली. स्थानिक दैवतांना त्यांनी मान दिला असे मुळीच नाही. पण शब्दांना दिला.

म्हणून हा ग्रंथ मराठीत आणायचा झाला, तर भाषांतरकाराची खरी कसोटी आकाश किंवा धूर या शब्दांपाशी नसेल. ‘शापिरी’ला काय म्हणायचे? भुते म्हटले की मिशनऱ्यांचा निवाडा मान्य केला. देवदूत म्हटले की त्यांना आपल्यात ओढून घेतले. पितर म्हटले तर अर्थ अपुरा. ‘शमन’साठी तर वसई-पालघर पट्ट्यात वारली बांधवांचा ‘भगत’ हा शब्द तयारच आहे. तो शब्द आपल्या घरांत आणि आपल्या प्रवचनांत आजवर कोणत्या सुरात उच्चारला गेला आहे, हे वाचकांना ठाऊक आहे.