झिप फाइलमधून गळलेली नावं

मागच्या महिन्यात पेटच्या तयारीला लागलेल्या एका ज्युनिअरचा मेसेज आला. सोबत एका झिप फाइलची लिंक. ‘ताई, सगळं फ्री लायसन्सचं आहे असं लिहिलंय. सिनॉप्सिसमध्ये हाच डेटासेट दाखवू ना?’ त्याचा विषय म्हणजे गेममधल्या पात्रांची छोटी चित्रं, ज्यांना स्प्राइट म्हणतात, ती मशीन लर्निंगने तयार करणं. मी फाइल उघडली. आत एक ते काही हजार असे नंबर टाकलेल्या पीएनजी फाइली. चित्रकाराचं नाव एकाही फाइलला नाही. वर एक ओळ मात्र होती: सर्व कलाकारांचे आभार.

चित्रं बघितली तर निम्मी पात्रं ओळखीची निघाली. तीच उभं राहायची ढब, तीच नऊ चौकटींची चाल. ओळखीची असण्याचं कारण सांगायला थोडी लाज वाटते. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी अशीच एक झिप मी स्वतः तयार केली होती आणि नेटवर टाकली होती. तेव्हा खाली जे वाचाल ते उपदेश म्हणून वाचू नका, निदान सगळं तरी नाही.

ती पात्रं कुठली ते आधी सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. 2012 साली ‘लिबरेटेड पिक्सेल कप’ नावाची एक स्पर्धा झाली. क्रिएटिव्ह कॉमन्स, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन, मोझिला आणि ओपनगेमआर्ट यांनी मिळून ती घेतली. गंमत अशी की, आधी एक शैली-मार्गदर्शिका बनवली: प्रकाश कुठून यायचा, बाह्यरेषा कशी असायची, जमिनीचा एक तुकडा 32 बाय 32 पिक्सेलचा, वगैरे. काही चित्रकारांकडून पायाभूत चित्रं करून घेतली. मग बाकीच्यांना म्हटलं, याला जुळेल असं काढा. सगळं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बाय-एसए आणि जीपीएल या दोन्ही लायसन्सखाली खुलं. परिणाम असा झाला की, एकाने काढलेल्या शरीरावर दुसरीचे केस बसतात, तिसऱ्याचं चिलखत बसतं, आणि चौथा येऊन त्या चिलखताचा रंग बदलतो. स्पर्धा कधीच संपली, पण भर अजून पडतेय.

म्हणजे तुमच्या स्क्रीनवर 64 पिक्सेलच्या चौकटीत चालणारा तो एक शिपाई सहा-सात जणांचा असू शकतो. ‘चित्रकार कोण?’ या प्रश्नाचं एका नावाचं उत्तरच नाही.

हे सगळे तुकडे एकावर एक रचून पात्र बनवून देणारं एक वेब-टूल आहे. ते पुष्कळांनी वापरलेलं असतं. त्याच्यासोबत येणारी श्रेयांची फाइल मात्र फार कमी जणांनी उघडलेली असते. मी यंदा ती पहिल्यांदा नीट, बसून वाचली. एक साधा तक्ता आहे: फाइलचं नाव, टीप, लेखक, लायसन्सं, मूळ दुवे. दिसायला वाण्याच्या वहीसारखा. पण जरा वाचत गेलात की लक्षात येतं, ही एक वंशावळ आहे. कुणाच्या कामावरून कुणी काय घडवलं, त्यातलं कुठलं कुठल्या लायसन्सवर, आणि खात्री करायची असेल तर कुठे जायचं, सगळं प्रत्येक तुकड्यागणिक लिहिलेलं. कुणीतरी जुने दुवे शोधत, जुळवत हे काम केलंय. माझ्या मते त्या संग्रहातली सगळ्यात मोलाची फाइल ही आहे. चित्रांपेक्षाही.

त्या फाइलची कमजोरीही तिथेच आहे. ती चित्राच्या बाहेर राहते. टूलमधून उतरवलेल्या पीएनजीत नावं नसतात. चित्र एका फोल्डरमधून दुसऱ्यात गेलं आणि तक्ता मागे राहिला, की संपलं. शिवाय बरीच नावं टोपणनावं आहेत, आणि टोपणनावाचा माणूस त्या दुव्यापलीकडे सापडत नाही. एवढ्याशा चित्रावर उलटा इमेज-सर्च करून बघा. मी केलाय. हाती फारसं काही लागत नाही.

हॉस्टेलमध्ये राहिला असाल तर हा प्रकार तुम्हाला माहीत आहे. कुणा सीनिअरच्या अप्रतिम नोट्स. त्यांची झेरॉक्स, झेरॉक्सची झेरॉक्स. पहिलं पान कधीतरी फाटलं. आता पाचवी बॅच त्याच नोट्सवर पास होतेय आणि लिहिणारा कोण ते कुणालाच माहीत नाही. त्यात एक सूत्र चुकलंय हे कुणाला कळलं, तरी विचारायचं कुणाला?

माझा मुद्दा एवढाच आहे. श्रेय म्हणजे आभार, असं आपण धरून चालतो. आभारच असतील तर ते मोघम मानले तरी चालतात, राहून गेले तरी फार बिघडत नाही. पण प्रबंधाच्या सुरुवातीला ऋणनिर्देश असतो आणि शेवटी संदर्भसूची असते, आणि या दोन्हींतला फरक तुम्हाला वायवाच्या आधी कुणीतरी शिकवतंच. ऋणनिर्देशात तुम्ही आईबाबांचे, गाइडचे, कॅन्टीनवाल्याचेही आभार मानता. संदर्भसूचीत तुम्ही वाचकाला पत्ता देता: माझ्यावर विश्वास ठेवू नका, तिथे जाऊन बघा. खुल्या लायसन्सच्या चित्राखालची श्रेयाची ओळ ही दुसऱ्या जातीची आहे. ‘सर्व कलाकारांचे आभार’ ही ओळ म्हणजे संदर्भसूचीच्या जागी ‘आजवरच्या सर्व अभ्यासकांचा ऋणी आहे’ असं लिहिण्यासारखं. कुठला गाइड चालवून घेईल?

आणि लायसन्स मागतं तेही हेच. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बाय प्रकारात चित्रकाराचं नाव, मूळ कामाचा दुवा, लायसन्स कुठलं ते, आणि तुम्ही बदल केलेत का, हे सांगावं लागतं. शेवटचं बहुतेक जण विसरतात. तुम्ही चित्र कापलंत, रंग बदलले, आकार अर्धा केलात, तर ते सांगणं हाही श्रेयाचाच भाग आहे. कारण तुमचा ओबडधोबड तुकडा त्या चित्रकाराच्या नावावर खपायला नको.

आता वापरणारा आणि वाटणारा यांत मी फरक करते, आणि इथे काही मित्रांशी माझं जमत नाही. कुणी आपल्या गेममध्ये चार झाडं लावली आणि श्रेयाच्या पानावर एक नाव राहिलं, तर ती चूक आहे, पण ती त्या गेमपुरती. तुम्ही मात्र चित्रं गोळा करून पुढे वाटता तेव्हा तुम्ही पाणवठा झालात. तुमच्याकडून घेणारा प्रत्येक जण तुम्ही जे लिहिलंत तेच खरं धरून पुढे जाणार. तुम्ही गाळलेलं नाव त्याला परत मिळवता येत नाही, कारण गळलंय हेच त्याला कळत नाही. तो नकळत लायसन्स मोडतो, आणि मोडायला तुम्ही लावलेलं असतं. म्हणून वाटणाऱ्यावरची जबाबदारी जास्त. ‘मी कुठे पैसे कमावले?’ हे उत्तर इथे लागू होत नाही. उलट, बाय आणि बाय-एसए लायसन्सं पैसे कमवायला मनाई करतच नाहीत. त्यांची अट वेगळ्याच गोष्टीची आहे.

याहून वाईट प्रकार म्हणजे झिपवर आपल्या मनाचं लायसन्स चिकटवणं. बाय-एसए चित्रांत फेरफार करून ती वाटायची असतील तर तीच अट पुढे न्यावी लागते. ती हजारो चित्रं एकत्र करून वर ‘पब्लिक डोमेन’ लिहिलं, म्हणजे जे आपलं नाही ते दान केलं. काळ्याचं पांढरं करण्याचाच हा प्रकार. मी केला होता. डेटासेट अपलोड करताना एका खिडकीत लायसन्स निवडायला सांगितलं, यादीतलं सगळ्यात मोकळंढाकळं वाटलं ते मी निवडलं. दहा सेकंद लागली असतील. (त्या डेटासेटवर शिकवलेल्या मॉडेलमधून जे चित्र निघतं त्याचं काय, हा वाद वेगळा आणि अजून चालू आहे. त्यात आज शिरत नाही.)

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. काही चित्रकार स्वतःच म्हणतात, नाव नको. नेदरलँड्सचा केनी आपले गेम-आर्टचे संच सीसी-झिरोखाली देतो. संचातल्या लायसन्सच्या मजकुरात श्रेय दिलंत तर आवडेल, पण सक्ती नाही, अशा अर्थाचं लिहिलेलं असतं. किंवा ‘ग्लिच’ घ्या. टायनी स्पेक कंपनीचा हा ऑनलाइन गेम डिसेंबर 2012 मध्ये बंद पडला, आणि पुढच्या वर्षी कंपनीने त्यातली बहुतेक चित्रं सीसी-झिरोखाली सोडून दिली. दहा हजारांहून अधिक फाइली. (हीच कंपनी पुढे स्लॅक म्हणून ओळखली गेली.) देणाऱ्याने हक्क सोडलेत, तर आपण कोण नाव लावायला?

मला हा आक्षेप अर्धाच पटतो. सीसी-झिरोत नाव द्यायची कायदेशीर सक्ती नाही, हे खरंच. पण ते चित्र सीसी-झिरो आहे, हे पुढच्याला कळणार कसं? तुम्ही सांगितलंत म्हणून? केनीच्या संचातली ती छोटी मजकूर-फाइल काढून फक्त चित्रं वाटलीत, तर चित्रं पूर्वीइतकीच मोकळी आहेत, पण मोकळी असल्याचा पुरावा गेला. काळजीपूर्वक काम करणारा माणूस त्यांना हात लावणार नाही, आणि बेफिकीर माणूस कशालाही लावतो. म्हणजे नाव पुसून तुम्ही दात्याचं दान निकामी केलंत. म्हणून सीसी-झिरोतसुद्धा मी उगम लिहिते, आणि तो चित्रकाराच्या मानापानासाठी नव्हे.

‘ग्लिच’मध्ये आणखी एक बारकावा आहे. हक्क सोडले ते कंपनीने. काढली ती माणसांनी. मालक आणि कर्ता वेगळे असू शकतात, ही गोष्ट आपल्याकडच्या कायद्याला चांगली ठाऊक आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 57 म्हणतं की, कॉपीराइट दुसऱ्याला देऊन टाकल्यावरही ‘हे काम माझं आहे’ असं म्हणायचा कर्त्याचा हक्क उरतो, आणि आपली प्रतिष्ठा घालवेल अशी मोडतोड रोखायचाही. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प 1979 मध्ये उतरवून टाकलं गेलं. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं. तरी 2005 साली दिल्ली उच्च न्यायालयाने सेहगल यांच्या बाजूने निकाल दिला: अवशेष परत करा आणि पाच लाख भरपाई द्या. पिक्सेलच्या शिपायाला हा निकाल जसाच्या तसा लावा असं मी म्हणत नाही. पण ‘लायसन्समध्ये सक्ती नाही’ इथे विचार थांबवू नये, एवढं त्यातून दिसतं.

उलट बाजूही आहे, आणि ती मला फार आवडते. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बाय लायसन्सांत चित्रकार ‘माझं नाव काढा’ असंही सांगू शकतो, आणि जमेल तितकं ते काढावं लागतं. तुमच्या गेममध्ये त्याला न आवडणारं काही असेल, किंवा त्याला नुसतंच निवांत राहायचं असेल. लायसन्स परत घेता येत नाही, चित्र तुमच्याकडे राहतं, पण नाव त्याचं त्याच्याकडे जातं. मग पत्त्याचं काय, असं तुम्ही विचाराल. माझ्या तक्त्यात मी तिथे ‘चित्रकाराच्या विनंतीवरून नाव वगळले’ असं लिहीन. ‘अज्ञात’ नाही. दोन्हींत पुष्कळ अंतर आहे.

यूजीसीच्या 2018 च्या नियमांत साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर चालतं, हे तुम्ही आत्तापासून पाठ केलं असेल. त्या टक्क्यांचं सॉफ्टवेअर मजकूर तपासतं. तुमच्या डेटासेटमधल्या स्प्राइटची नावं ते विचारणार नाही, वायवाला बसलेले परीक्षकही बहुधा नाही. माझ्या वेळी कुणीच विचारलं नव्हतं. प्रोजेक्टला मार्क चांगले पडले.

ज्युनिअरला मी ती झिप वापरू नको म्हणून सांगितलं. मूळ संग्रहातून तक्त्यासकट चित्रं घे, प्रत्येक फाइलसमोर नाव, दुवा, लायसन्स आणि बदल असे चार रकाने पहिल्या दिवसापासून भर, सिनॉप्सिसला पंधरा दिवस उशीर झाला तर होऊ दे. तो जरा हिरमुसला. त्याचं बरोबर आहे, पंधरा दिवस खूप असतात.

माझी जुनी झिप मी उघडली ती त्याच रात्री. तीन शनिवार-रविवार बसून बहुतेक चित्रं त्या श्रेयाच्या तक्त्याशी जुळवली, नावं लिहिली, लायसन्स दुरुस्त करून परत चढवली. दोनशे अकरा चित्रांचा उगम लागला नाही, ती काढून टाकली. मग सहज ज्युनिअरने पाठवलेली फाइल शेजारी उघडून क्रम ताडून पाहिला. पहिली चारशे चित्रं माझ्याच क्रमाने होती. मी कापताना एका शिपायाच्या भाल्याचं टोक उडालं होतं, ते तिथेही उडालेलं आहे.