संत पॅट्रिक : आत्मनिवेदन आणि आख्यायिका

आयर्लंडच्या संत पॅट्रिकचे नाव निघाले की सापांची गोष्ट निघतेच. त्याने म्हणे त्या बेटावरील यच्चयावत् सर्प समुद्रात घालविले. वस्तुतः हिमयुगानंतर साप तेथे पोहोचलेच नव्हते, आणि ही कथा बाराव्या शतकातील चरित्रकारांची आहे. चमत्कारावाचून संतचरित्र पुरे होत नाही, हा समज केवळ आपल्याकडचाच नव्हे!

पाचव्या शतकातील ह्या धर्मोपदेशकाची स्वतःची दोन लॅटिन लेखने सुदैवाने टिकून आहेत : 'कन्फेसिओ' हे आत्मनिवेदन आणि कोरोटिकसच्या सैनिकांविषयीचे पत्र. रोमन ब्रिटनमधल्या एका डीकनचा हा मुलगा. सोळाव्या वर्षाच्या सुमारास लुटारूंनी त्यास धरून आयर्लंडात नेले. तेथे सहा वर्षे त्याने गुरे राखली. पावसात, हिमात, पहाटेपूर्वी उठून दिवसाकाठी शंभरापर्यंत प्रार्थना केल्या. पळून घरी आल्यावर स्वप्नात त्याच बेटावरील लोकांची हाक ऐकू आली, आणि दास्य भोगलेल्या भूमीकडे तो आपण होऊन परतला.

सातव्या शतकाच्या अखेरीस मुइरहूने लिहिलेल्या चरित्रात मात्र पॅट्रिक राजासमोर ड्रुइड मांत्रिकाला हवेत उचलून आपटविणारा विजयी वीर आहे. 'कन्फेसिओ'त असले काही नाही. तेथे बोलतो तो आरोपी. बालपणीचा एक अपराध त्याने विश्वासाने मित्राला सांगितला होता; त्याच मित्राने तो वरिष्ठांपुढे उघड केला. आपण अडाणी आहो, आपली लॅटिन ओबडधोबड आहे, असे तो पुनःपुन्हा म्हणतो, आणि ती तशी आहेही. पण स्त्रियांनी भक्तीने वेदीवर टाकलेले अलंकार परत केल्याचा हिशेब तो ज्या संकोचाने देतो, त्यात मला हा मनुष्य भेटला. दुष्काळ आणि दिवाळे स्वमुखे सांगणारे तुकोबा व महिपतीबुवांच्या 'भक्तविजया'तील तुकोबा ह्यांत असेच अंतर आहे.

सुमारे 807 साली सिद्ध झालेल्या आर्माच्या ग्रंथात हे आत्मनिवेदन काटछाट करून घेतले आहे. पत्र तर गाळलेच आहे. आद्यपीठाचा मान मागणाऱ्या मठाला विजयी संस्थापक हवा होता; आरोपी कसा चालावा?

ज्यांच्या मंगेशाला 1560 च्या सुमारास कुशस्थळी सोडून प्रियोळास जावे लागले, त्या आमच्या वाचकांना 'धर्मप्रसारक' हा शब्द सहज गिळवणार नाही. सूर्योपासक दंडास पात्र होतील, असे पॅट्रिकही लिहितो. उगवत्या सूर्याला अर्घ्य देणाऱ्याने हे वाक्य वाचून थबकावे, यात नवल नाही. ते झाकून त्याची स्तुती करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. परंतु त्याच्या पाठीशी सैन्य नव्हते. आणि त्याचा सर्वांत जळजळीत कोप स्वधर्मीयांवर आहे.

कोरोटिकसचे सैनिक नावाने ख्रिस्तीच होते. पॅट्रिकने बाप्तिस्मा दिलेली माणसे शुभ्रवस्त्रांतच होती, कपाळावरचे तेल वाळले नव्हते, तोच दुसऱ्या दिवशी काहींची कत्तल झाली, उरलेल्यांना गुलाम म्हणून विकण्यास नेले. बंदिवानांना सोडण्याची विनंती घेऊन गेलेल्या धर्मगुरूची त्यांनी थट्टा केली. म्हणून हे दुसरे पत्र. गुलामीत स्त्रियांना सर्वांत अधिक सोसावे लागते, असे 'कन्फेसिओ'त नोंदविणारा हा पूर्वाश्रमीचा गुलाम येथे खुन्यांबरोबर पंक्तीला बसण्याचीही मनाई करतो, आणि अखेरीस विनवितो की, हे पत्र सर्व लोकांपुढे, खुद्द कोरोटिकसच्या समक्ष, वाचून दाखवावे.