पाठशुद्धी आणि बांधणी-प्रणाली : डेबियनच्या पॅकेज-व्यवस्थेची चिकित्सा

प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. पुढे नकला होत गेल्या, तसे त्यांत पाठभेद व प्रक्षेप शिरले. पैठणच्या संत एकनाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. मूळ संहिता आणि वाचकाच्या हाती येणारी प्रत यांत अंतर पडू शकते, हा प्रश्न संगणकाच्या आज्ञावलीबाबतही उद्भवतो. प्रस्तुत लेखात ‘डेबियन’ या मुक्त संगणक-प्रणालीतील बांधणी-व्यवस्थेची या दृष्टीने चिकित्सा केली आहे.

बांधणीचे स्वरूप

वापरकर्ता तयार पॅकेज उतरवून घेतो. ते कसे घडले हे त्याला सहसा दिसत नाही. डेबियनमधील ‘लोहित मराठी’ या टंकाचे उदाहरण घेता येईल. अक्षराकारांची मूळ फाइल संपादनयोग्य असते. तिच्यापासून प्रत्यक्ष वापराची टंक-फाइल बांधावी लागते. प्रत्येक स्रोत-पॅकेजमधील ‘कंट्रोल’ फाइल बांधणीस लागणाऱ्या इतर पॅकेजांची यादी देते, तर ‘रूल्स’ फाइल बांधणीच्या पायऱ्या सांगते. बांधणी स्वच्छ, वेगळ्या परिसरात होत असल्याने यादीतील उणीव लगेच उघडी पडते. ही शिस्त हे या व्यवस्थेचे बलस्थान होय. २०१३ पासून डेबियनने पुनरुत्पादनक्षम बांधणीचा आग्रह धरला. त्याच स्रोतापासून, त्याच परिसरात कोणीही बांधणी केली तरी तंतोतंत तेच पॅकेज मिळावे, हा त्यामागील हेतू आहे. त्यासाठी फाइलीत उमटणारी तारीख-वेळही स्थिर करावी लागते.

मर्यादा

मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या संक्षेपण-आज्ञावलीच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत छुपी घातक योजना आढळली. तिला जागे करणारी लिपी सार्वजनिक कोशात नव्हती. ती केवळ वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती. डेबियनची ‘रूल्स’ फाइल वा आरपीएम-बांधणीची खूण दिसली, तरच ती कार्यरत होई. लॉगिनला लागणाऱ्या सुमारे अर्ध्या सेकंदाच्या विलंबाचा शोध घेताना आंद्रेस फ्रॉइंड यांना ती सापडली. डेबियनच्या चाचणी व अस्थिर शाखांत ती पोहोचली होती; स्थिर शाखा बचावली.

येथे पुनरुत्पादनक्षमतेची मर्यादा स्पष्ट होते. दूषित गठ्ठ्यापासून शंभर वेळा बांधणी केली, तरी शंभर वेळा तेच दूषित पॅकेज मिळेल. नकलाकाराने प्रामाणिकपणे अक्षरन्‌अक्षर उतरवले, म्हणून समोरच्या प्रतीतील प्रक्षेप नाहीसा होत नाही.

निष्कर्ष

बांधणी-प्रणाली कृतीची ग्वाही देते, संहितेची नव्हे. म्हणून वितरणाचा गठ्ठा आणि सार्वजनिक कोश ताडून पाहणे, हे बांधणीपूर्वीचे अनिवार्य अंग मानले पाहिजे. महाविद्यालयीन अध्यापनातही पॅकेज बसविण्यापुरते न थांबता ते बांधून व ताडून पाहण्याचा सराव दिला जावा. पाठचिकित्सेची दीर्घ परंपरा लाभलेल्या मराठी अभ्यासकाला ही दृष्टी परकी वाटण्याचे कारण नाही.